सपाट देशातली ग्रॅव्हल सायकल: कालवा, पाइनचं रान आणि तोंडावरचा वारा

उलटा_वारा | शनिवार, रात्री 9.40

नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला येऊन चार वर्षं झाली. पहिली दोन रस्त्यावरची सायकल चालवण्यात गेली. मग कंटाळा आला आणि ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची, रुंद टायरची. पुण्यातले मित्र अजून विचारतात, "ग्रॅव्हल म्हणजे काय रे, खडी?" खडी नाही. इथे आहे ती वाळू. उत्तर ब्राबांट आणि सीमेपलीकडचा बेल्जियमचा केंपन हा सगळा पट्टाच वाळूचा आहे. पूर्वी इथे नुसती माळरानं होती, झुडपं आणि मेंढरं. पुढे त्यावर पाइन लावले आणि मधून कालवे काढले. त्या पाइनमधल्या आणि कालव्यांच्या काठच्या वाटांवर मी शनिवार-रविवार भटकत असतो. दोन-तीन जणांनी व्यक्तिगत निरोपात मार्ग विचारला, म्हणून धागाच काढला.

माझा नेहमीचा फेरा साधारण 75 किलोमीटरचा. आइंडहोवनच्या दक्षिणेला डॉमेल नदी धरायची. नदी म्हणायचं, पण आपल्याकडे हिला ओढा म्हणतील. वालरेवरून फाल्कन्सवार्ड, तिथून माल्पीचं माळरान. ऑगस्टच्या उत्तरार्धात हे अख्खं माळरान हेदरच्या फुलांनी जांभळं होतं आणि फोटो काढणाऱ्यांची जत्रा भरते, तेवढे पंधरा दिवस सोडून जा. पुढे आखलसे क्लाउस हा जुना मठ, अगदी सीमेवर. ट्रॅपिस्ट भिक्षू बिअर गाळायचे तीच ही जागा. भिक्षू आता तिथे राहत नाहीत. सीमा कुठे ओलांडली हे कळतसुद्धा नाही, फोनवर मेसेज येतो तेव्हा समजतं. पहिल्या महायुद्धात मात्र याच सीमेवर जर्मनांनी 2000 व्होल्टची तार ओढली होती, 300 किलोमीटरच्या वर. बेल्जियममधून निसटून तटस्थ हॉलंडमध्ये पळणारी माणसं तिला चिकटून मेली. आता त्याच पट्ट्यात मी केळं खायला थांबतो.

मठापासून नेरपेल्टपर्यंत जंगल आणि शेतातल्या वाटा, आणि मग बोखोल्ट–हेरेंटाल्स कालवा. इथून पश्चिमेला लोमेलकडे. वाटेत एक पूल लागतो, त्याला 'जोज ब्रिज' म्हणतात. 10 सप्टेंबर 1944 ला ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश गार्ड्सनी तो जर्मनांकडून घेतला आणि 17 तारखेला इथूनच रणगाडे उत्तरेला सुटले. 18 ला आइंडहोवन मोकळं झालं. म्हणजे सकाळी मी ज्या गावातून निघालो, तिथवर पोचायला त्यांना एक दिवस आणि बरीच माणसं लागली. लोमेललाच जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे, 39 हजारांहून जास्त कबरी. एकदा आत जाऊन या. मी एकदाच गेलो.

लोमेलची 'सहारा' म्हणजे पाइनच्या रानात मधेच पांढऱ्या वाळूचं मैदान. जस्ताच्या कारखान्याच्या धुराने झाडोरा जळाला, वर वाळूचा उपसा, त्यातून हे झालं. आज लोक तिथे सहलीला येतात. सायकल हातात धरून चालायची, उगाच हिरोगिरी नको. परत येताना लोमेलहून उत्तरेला बेर्गायक आणि तिथून घरी.

आता फेरा याच दिशेने का, ते. इथे वारा बहुतेक नैऋत्येचा. घरातून निघताना पाय ताजे असतात तेव्हाच वारा तोंडावर घ्यायचा आणि दमल्यावर पाठीवर. उलटं केलंत तर कालव्यावर 32 च्या वेगाने उडत जाल, स्वतःला शाबासकी द्याल, पण त्याआधी बेर्गायकहून लोमेलला जाताना रडाल. माझ्या आयडीचा उगम तोच.

टायर 40 मिमी, ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं रसायन. माझं वजन 78, हवेचा दाब मागे 34 आणि पुढे 31 पीएसआय. विचारा काय विचारायचं ते.

घाटवेडा | शनिवार, रात्री 10.15

छान लिहिलंय. पण 75 किलोमीटरमध्ये चढ किती? दीडशे मीटर? आम्ही तेवढा सिंहगड रोडच्या फ्लायओव्हरवरच चढतो. गंमत करतोय. पण खरंच, सपाटीवर बोअर होत नाही का?

उलटा_वारा | शनिवार, रात्री 10.32

@घाटवेडा, दीडशेही असेल की नाही शंका आहे. पुलाचा चढ हाच आमचा घाट.

पण एक सांगतो. खंबाटकी चढलात की पलीकडे उतार असतो, पाय सुटे होतात, पाणी प्यायला उसंत मिळते. इथे साडेतीन तास पाय थांबतच नाहीत. थांबले की सायकल थांबते. पहिल्या वर्षी माझे गुडघे नाही, बूड दुखलं. घाटात माणूस सारखा उठतो, वाकतो, बसतो. सपाटीवर एकाच बैठकीत चिकटून राहतो. तेव्हा सॅडलवर पैसे घाला, कार्बनच्या हलक्या सायकलवर नंतर.

सीमा_आय | रविवार, सकाळी 8.05

आम्हीही आइंडहोवनच! नवऱ्याने मागच्या वर्षी ग्रॅव्हल घेतली, मी अजून साध्या गिअरच्या सायकलवर आहे, आणि मला सगळीकडे जाता येतं. नवशिक्यांनी 75 चा फेरा वाचून घाबरू नका. आइंडहोवन कालवा घ्या, 1846 चा, आता त्यावर बोटी चालत नाहीत. गेलड्रॉप, मीर्लो करत काठाकाठाने जायचं आणि मग दक्षिणेला वळून स्त्राब्रेख्तचं माळरान. येऊन-जाऊन 35-40 किलोमीटर. मेंढरांचा कळप दिसला तर थांबा, मेंढपाळाचा कुत्रा सायकलला मेंढी समजतो.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ओकच्या झाडांवरच्या सुरवंटांची. मे अखेर ते जुलै. ब्राबांटमध्ये रस्त्याच्या दुतर्फा ओक, आणि खोडावर पांढरट जाळ्याची घरटी. मी अशाच एका झाडाखाली बसून डबा खाल्ला. घरटं पाहिलंही नव्हतं. संध्याकाळी मान, कोपराची आतली बाजू, कमरेचा पट्टा, सगळीकडे लाल पुरळ, खाजकुयली लागावी तशी खाज. सुरवंट अंगावर पडावा लागत नाही, त्याचे केस वाऱ्याने उडतात. चोळू नका. सेलोटेप चिकटवून ओढायची, मग अंघोळ, कपडे वेगळे आणि गरम पाण्यात धुवायचे. शेजारच्या डच आजींनी हे सांगितलं. आईने व्हिडिओ कॉलवर कोकम लावायला सांगितलं, त्यानेही जरा बरं वाटलं हे कबूल करते.

आणि गवतातून गेलात तर घरी येऊन गोचीड शोधा. गुडघ्यामागे, मोज्याच्या कडेला. त्यातून लाइम नावाचा आजार होतो, चेष्टा नाही.

निम्मा_पंक्चर | रविवार, सकाळी 11.20

वाचनखूण साठवली. एक शंका. जंगलात कुठल्याही वाटेवर सायकल घातली तर चालते का? मागे एका बाईंनी मला डचमध्ये बरंच काही ऐकवलं. मला त्यातलं 'पार्ड' एवढंच कळलं.

उलटा_वारा | रविवार, दुपारी 1.10

पार्ड म्हणजे घोडा. तुम्ही घोड्यांच्या वाटेवर होतात. तिथे सायकलला मनाई, आणि तशीही मजा नाही, टापांनी वाळू अशी नांगरलेली असते की चाक अर्धं आत. घोडा समोरून आला तर वेग कमी करा आणि तोंडाने बोला, 'होई' म्हणा. घंटी वाजवू नका, घोडा बिचकतो. माणसांसाठी मात्र घंटी हवीच, इथे कायद्यानेच लागते.

जंगलाच्या तोंडाशी पाटी असते ती वाचायची सवय लावा. बहुतेक ठिकाणी सूर्योदय ते सूर्यास्त, आणि आखून दिलेल्या वाटांवरच. माउंटन बाइकच्या वाटा वेगळ्या आखलेल्या असतात, बहुधा एकदिशा. उलट्या दिशेने घुसलात तर वळणावर कुणाच्या तरी हँडलबारला भेटाल.

भिजलेला_पोहा | रविवार, दुपारी 4.45

मी गेंटला असतो, पलीकडचा. बेल्जियममधली एक गोष्ट राहिली, क्नॉपपुंट. प्रत्येक फाट्यावर आकडा. घरी बसून आकड्यांची माळ करायची, कागदावर लिहून हँडलला चिकटवायची आणि निघायचं. फोन लागत नाही, बॅटरी संपायची भीती नाही.

ही युक्ती कुठून आली ते वाचून मला भारी वाटलं होतं. ह्यूगो बोलन नावाचे बेल्जियन लिंबुर्गमधले खाण अभियंता. कोळशाच्या खाणीत बोगद्यांच्या फाट्यांना आकडे असायचे, तेच त्यांनी जमिनीवर आणलं. 1995 मध्ये पहिलं जाळं तयार झालं. त्याआधी तीन वर्षं, 1992 ला, तिथली शेवटची खाण बंद पडली होती.

आणि ते पाइनचं रान? खाणीत छताला टेकू द्यायला लाकूड हवं होतं. पाइन वाळूत वाढतो, सरळ वाढतो, आणि मोडण्याआधी करकरतो, म्हणजे खाणकामगाराला पळायला वेळ मिळतो. म्हणून माळरानावर पाइन, ओळीत, मधे वणवा अडवायला सरळसोट पट्टे. ते पट्टे म्हणजेच आज आपली ग्रॅव्हलची वाट. खाणीसाठी लावलेल्या जंगलातून खाणीतले आकडे बघत आपण सायकल चालवतो.

उलटा_वारा | रविवार, संध्याकाळी 6.00

@भिजलेला_पोहा, टाळ्या! दोन वर्षं त्या सरळ पट्ट्यांना शिव्या घालतोय, वळण नाही, काही नाही, टोकाला एक प्रकाशाचा ठिपका आणि तो जवळ येतच नाही. पाइन करकरतो हे माहीत नव्हतं. आता वाऱ्यात आवाज आला की पळेन.

माझे वडील मागच्या उन्हाळ्यात आले होते. वय 68. त्यांना भाड्याची इ-बाइक घेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ते एकटेच निघून गेले. डचचं एक अक्षर येत नाही, पण पुण्याच्या पीएमटी बसमध्ये आयुष्य गेलेलं, आकड्यांवर चालण्याची सवय. "आता 62 धरायचा, मग 17." संध्याकाळी परत आले ते वाटेत कुणा आजोबांबरोबर कॉफी पिऊन. कुठल्या भाषेत बोललात विचारलं तर म्हणाले, "त्यांना गुडघेदुखी आहे, मलाही."

कालवेकर | सोमवार, सकाळी 7.30

फलटणहून लिहितोय. हा धागा वाचून राहवलं नाही. अहो, तुमचा कालवा आणि आमचा कॅनॉल यात फरक फक्त खुर्ची टाकून मासे धरणाऱ्या माणसाचा दिसतोय.

नीरा उजवा कालवा आमच्या दारातून जातो. ब्रिटिशांच्या काळातला. काठाने भराव, भरावावर मुरमाचा रस्ता, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ऊस. मी साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक चालवतो. पहाटे साडेपाचला निघायचं, नऊच्या आत घरी. चढ म्हणाल तर शून्य, कारण कॅनॉल समपातळीने डोंगराच्या कडेकडेने नेलेला. म्हणून आमचा रस्ता सरळ नाही, सापासारखा. वारा कुठल्याही बाजूने येवो, दर वळणाला बदलतो.

आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असलं की मजा. पाणी काठोकाठ, गार हवा, बगळे. आवर्तन बंद असलं की तळाशी गाळ, चपला, देवाचे फोटो आणि डबक्यात अडकलेले मासे. सीमाताईंचा सुरवंट तसा आमचा बाभळीचा काटा. दीड इंच. ट्यूबलेसमधलं रसायन त्याला हसतं की तो रसायनाला, देव जाणे. काटा लगेच उपटायचा नाही, चाक फिरवून तो खाली आणायचा, मग उपटायचा, म्हणजे रसायन तिथे जमतं. पावसाळ्यात मात्र जायचंच नाही. मुरूम संपून काळी माती आली की चाकात आणि फोर्कमध्ये एवढी बसते की सायकल खांद्यावर. आणि तीसुद्धा दुप्पट वजनाची.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे काठावर सायकल चालवायला कुणाची परवानगी? आमच्याकडे रस्ता पाटबंधाऱ्याचा. पाटकरी ओळखीचा, म्हणून साखळीच्या बाजूने सोडतो.

उलटा_वारा | सोमवार, रात्री 8.50

कालवेकर काका (काका चालेल ना?), तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

परवानगी लागत नाही. पण रस्ता तिथेही मुळात सायकलींचा नव्हेच. काठाच्या वाटेला फ्लेमिश लोक 'याखपात' म्हणतात. बोट ओढणाऱ्या घोड्यांची, आणि घोडा परवडत नसेल तर माणसांची वाट. बोटीला इंजिन आलं आणि वाट मोकळी पडली. अजूनही ती जलमार्ग खात्याचीच. देखभालीची गाडी आली की आपण बाजूला. वेगमर्यादा 30, आणि शनिवारी टोळक्याने ट्रेन लावून, म्हणजे एकामागे एक चिकटून जाणारे रस्तासायकलवाले ती सर्रास मोडतात. त्यांच्यामुळे चालणाऱ्यांच्या शिव्या आपल्याला.

आता तुम्हाला आवडेल असं. बोखोल्ट–हेरेंटाल्स कालवा 1843 ते 1846 मध्ये खणला. बोटींसाठी होताच, पण शेतीसाठीसुद्धा! केंपनच्या वाळूत काही पिकेना. मास नदीचं पाणी चुन्याने समृद्ध. ते या कालव्याने आणून, चाऱ्या काढून, माळावर पसरवायचे आणि गवत पिकवायचे. लोमेलजवळ ती भिजवणीची कुरणं अजून आहेत. उंच सरी, मधे खोल दांड. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सासवडची आजी आठवली, फावडं घेऊन बारं मोडणारी.

कालवेकर | सोमवार, रात्री 9.15

काका चालेल. वय 54, पण चालेल.

चाऱ्या, दांड, म्हणजे पाणीवाटपाची भांडणंही असणार. ती कुणी लिहून ठेवली असतील तर वाचायला आवडतील. आमच्याकडे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी मिळालं असं मी तरी ऐकलं नाही.

घाटवेडा | मंगळवार, दुपारी 12.40

बरं, शब्द मागे घेतो. कालवेकर, फलटणला एक रविवार येऊ का? पुण्याहून पाच जण आहोत. पण आम्हाला नऊच्या आत उठायची सवय नाही.

कालवेकर | मंगळवार, दुपारी 1.05

या. पण शनिवारी मुक्कामाला या आणि पाच नको, तीन या. पाच रंगीत जर्सी एकदम काठावर दिसल्या की पाटकऱ्याला वाटतं काहीतरी स्पर्धा भरवली आणि मग वरपर्यंत फोन जातो. एकदा झालंय. दिवाळीनंतर नको, तोडणी सुरू झाली की उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, भरावावर समोरासमोर आलात तर जायला जागा फक्त पाण्यात.

निम्मा_पंक्चर | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी 7.20

धागा वर काढतो. आज उलटा_वारा आणि सीमाताईंच्या यजमानांबरोबर 75 चा फेरा केला. उलटा_वारा स्वतःहून सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो: ते पडले.

मठाच्या अलीकडे जंगलात वाट छान घट्ट होती, वर पाइनच्या सुयांचा गालिचा. मी मागे होतो. सुया संपून पांढरी वाळू सुरू झाली ती कुणाला दिसलीच नाही. त्यांचं पुढचं चाक आधी थोडं डावीकडे गेलं, त्यांनी हँडल उजवीकडे ओढलं, आणि मग सगळं इतक्या सावकाश झालं की मला "अहो, अहो" एवढं म्हणायला वेळ मिळाला. खांद्यावर आडवे. उठले, आणि चष्म्यातली वाळू झाडत मलाच समजावायला लागले, की वाळूत हँडल वळवायचं नसतं.

उलटा_वारा | रविवार, रात्री 8.05

खरं आहे. लिहूनच टाकतो, निदान माझ्या पडण्याचा उपयोग. वाळू दिसली की ती यायच्या आधी गिअर हलका करायचा. बूड मागे, हात सैल, पाय गोल फिरवत ठेवायचे, ब्रेकला हात लावायचा नाही. चाक इकडेतिकडे जाणार, जाऊ द्यायचं. नजर चाकासमोर नको, दहा मीटर पुढे. हे सगळं मला पाठ आहे. फक्त तेव्हा मी निम्मा_पंक्चर यांना वळून हेच सांगत होतो.

खांदा ठीक आहे. डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा) वाकला, तो सुटा भाग माझ्या सायकलचा दुकानात मिळाला नाही, ऑर्डर करावा लागतोय. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या सायकलचा एक हँगर आजच घेऊन सॅडलबॅगेत टाका. छोटा असतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा.

सीमा_आय | रविवार, रात्री 8.30

नवरा घरी आला तो फक्त कालव्याबद्दल बोलतोय. नेरपेल्टनंतर मालवाहू बोट बरोबर चालली होती म्हणे, बराच वेळ, त्यांच्याच वेगाने. डेकवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने हात केला आणि मग वाऱ्यात हे तिघे मागे पडले.

@उलटा_वारा, खांद्याला काय लावताय? आई विचारतेय.

कालवेकर | रविवार, रात्री 8.42

हळद-गूळ. आणि घाटवेडा आले होते बरं का, तिघंच. एकूण काटे अकरा.